बिनगेरूचा मेंढा

तिश्री महिना, मांडवांचा सण उलटून सातवा दिवस. मुक्काम तकोवा.

मल्कीयाचा मुलगा एलासा, मिसर देशी येब बेटावरच्या शिबंदीतला शिपाई, यास थोरली बहीण सल्लुआ हिचा आशीर्वाद. परमेश्वर तुला सुखात ठेवो, तुझी तलवार म्यानातच राहो आणि तुझे दात शाबूत असोत. माझे चार गेले.

चोवीस वर्षांत तुला एक ओळ धाडली नाही आणि आज एकदम पत्र, म्हणून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही. म्हणजे आई गेली, माझे यजमान जब्बूदही गेले, पण ते आता जुनं झालं. अत्तारा, जी तू गेलास तेव्हा माझ्या कडेवर होती, तिला तीन मुलं आहेत आणि माझ्यापेक्षा मोठा आवाज आहे.

पत्र मी सांगते आहे, लिहितो आहे हट्टूश. कुंभाराचा तो शेंबडा हट्टूश आठवतो ना, त्याला आता दाढी आली आणि तो गावाचा लेखक झाला. त्याच्या कानात सकाळी पडलेलं दुपारपर्यंत विहिरीवर पोचतं. हेही मी त्याला लिहायला लावलं आहे. तो म्हणतो, "काकू, असं काही नसतं हो." लिही म्हटलं मुकाट्यानं.

तर मुद्द्याचं. यंदा सणाला आम्ही यरुशलेमला गेलो होतो. वेशीपुढच्या चौकात नियमशास्त्राची गुंडाळी मोठ्यानं वाचली. दरवर्षी वाचतात, दरवर्षी मला डुलकी लागते. यंदा नेमकी जागी होते. वाचणारा म्हणाला, पुरुष असो की बाई, कुणाचं हरवलेलं सापडलं असता ज्यानं ते नाकारलं आणि वर खोटी शपथ घेतली, त्यानं ते धन्याला परत द्यावं, वर पाचवा हिस्सा द्यावा, आणि मग दोषार्पणासाठी एक निर्दोष मेंढा याजकाकडे न्यावा. एवढंच. पुढे तो कोडाबद्दल वाचू लागला.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल अंगण तीनदा झाडलं. डाळीत दोनदा मीठ घातलं, अत्तारा म्हणाली, "आई, तुला कुणाची दृष्ट लागली का?"

तुझी ती कपाळावर तपकिरी ठिपका असलेली मेंढी आठवते? आठवत असणारच. ती कुणी घेतली ते आता कळलं आहे. गावातलीच एक बाई आहे. तिला ती परत करायची आहे. मेंढी नव्हे, ती कधीच मेली, पण तिच्या बदली दुसरी, आणि वर पाचवा हिस्सा. तू घेशील का, एवढंच तिनं विचारायला सांगितलं आहे. बाई वाईट नाही. त्या वर्षी पाऊस नव्हता, हे तुलाही माहीत आहे.

हट्टूश विचारतो, "कोण हो काकू ती?" त्याला म्हटलं, तू शाई घोट.

खजुरांचा काफिला उद्या निघतो. उत्तर पत्र आणणाऱ्या माणसापाशीच दे.

*

तेबेथ महिना, अकरावा दिवस. तकोवा.

एलासा, तुझी बहीण सल्लुआ हिचा आशीर्वाद.

काफिला परत आला, तुझं उत्तर आलं नाही. माणूस म्हणाला, पत्र हाती दिलं, त्यानं उभ्या उभ्या वाचलं आणि कमरेला खोचलं. म्हणजे जिवंत आहेस. बरं झालं.

इकडे थंडी फार आहे. मला घरात बसवत नाही आणि बाहेर उभं राहवत नाही. म्हणून मागच्या आठवड्यात मी उठले, कळपातला सगळ्यांत देखणा मेंढा दोरीला बांधला आणि एकटी यरुशलेमला गेले. देखणा म्हणजे कसा, तर पांढरा स्वच्छ, शिंगं सारखी, डोळे टपोरे, कुठे खरचटल्याची खूण नाही. वाटेत लोक वळून वळून बघत होते, माझ्याकडे नव्हे.

मराया नावाचा याजक आहे, पोट सुटलेला, पण मनानं बरा. त्यानं मेंढ्याचं तोंड उघडून दात पाहिले, पोटाखाली हात फिरवला, खूर उचलून पाहिले. म्हणाला, "बाई, असं जनावर वर्षात एखादंच येतं. तुझ्याच कळपातलं ना?"

रोज शंभरदा विचारत असेल तो हे. चोरीचं जनावर वेदीवर चालत नाही म्हणून विचारायचं, आणि समोरच्यानं हो म्हणायचं. मी तोंड उघडलं आणि हो येईना. मला अचानक दिसलं एलासा, की माझ्या वाड्यात एकही मेंढा माझा नाही.

हट्टूशचा बोरू थांबला आहे. तो माझ्याकडे बघतो आहे. बघू दे. शास्त्रात लिहिलं आहे की अपराध तोंडानं कबूल करावा. कुणासमोर ते लिहिलेलं नाही, मग हट्टूशसमोरच सही. विहिरीवर जायचं ते जाईल.

ती बाई मी आहे.

तुझी मेंढी ओघळीत अडकली होती. पाय काट्यांत गुंतलेला, पोट जमिनीला टेकलेलं. त्या वर्षी माझी सगळी मेंढरं गेली होती. जब्बूद तापानं पडलेले. अत्तारा दीड वर्षाची, माझं दूध आटलेलं. मी मेंढी सोडवून घरी आणली ती उद्या तुला नेऊन द्यायला, खरंच सांगते, उद्या. त्याच रात्री ती व्याली, दोन कोकरं. सकाळी अत्तारानं वाटीभर दूध पिऊन ओठ पुसले आणि हसली, कित्येक दिवसांनी हसली. मग मी म्हटलं, परवा देऊ.

परवा तू आलास. एकटा आला असतास तर दिली असती. तुझ्यामागे तुझ्या ठरलेल्या नवरीचा, नोगाचा, बाप बेरी उभा होता, कंबरेवर हात ठेवून. दुष्काळात त्यानं मुलीच्या बदल्यात दुसरं काही मागितलं नव्हतं, ती गाभण मेंढीच मागितली होती. तू विचारलंस, "ताई, माझी मेंढी इकडे आली का गं?" आणि बेरी म्हणाला, "हिला शपथ घ्यायला लाव. तुम्हा भावाबहिणींचं संगनमत असायचं." त्या माणसासमोर मी चोर कशी ठरू? मी म्हटलं, परमेश्वराच्या जिवाची शपथ, मी ती मेंढी पाहिली नाही. ती तेव्हा मागच्या गुहेत होती, तोंडाला माझी ओढणी बांधलेली. बेरी तुला म्हणाला, "तूच लपवलीस. मुलगी फुकटात हवी तुला." आणि तू माझ्याकडे बघितलंस, की ताई काही बोलेल. मी चूल फुंकत बसले. लग्न मोडलं आणि तू मिसरची वाट धरलीस.

तुझी गेरूची खूण मी राखेच्या पाण्यानं धुतली. बाबांनी आपल्याला वाटणीत दिलेल्या खुणा, तुझा गेरू आणि माझं डांबर. तीन दिवस धूत होते. मेंढी पांढरी झाली, माझे तळवे लाल राहिले, मी लोकांना सांगितलं की डाळिंबं सोलली. दुष्काळात डाळिंबं! कुणी विचारलंही नाही.

माझ्या आजच्या कळपातलं एकूण एक जनावर तिच्या पोटचं आहे, तिच्या मुलीचं, नातीचं. म्हणजे तुझं. मराया म्हणाला, "मग विकत घे एखादा मेंढा." मी म्हटलं, "कशाच्या बळावर, बाबा? लोकर त्याची, दही त्याचं, चीज त्याचं." तो डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "आधी देणं, मग मेंढा. आधी ज्याचं आहे ते फेड. मी काही करू शकत नाही."

मेंढ्याला परत घेऊन आले. वाटेत तो थकून बसला तेव्हा मीही त्याच्याशेजारी बसले.

सगळं घे. कळप तुझा आहे. आणि पाचवा हिस्सा म्हणून जब्बूदांनी लावलेलं अंजिराचं झाड देते, ते मात्र माझं स्वतःचं आहे. आणखी काही माझं असं उरलेलं नाही.

*

ईयार महिना, दुसरा दिवस. कातरणी चालू आहे.

एलासा, बहिणीचा आशीर्वाद. तो तुला नको असेल तर राहू दे.

खापराच्या तुकड्यावर लिहिलेलं तुझं उत्तर मिळालं. हट्टूशनं वाचलं, मग पुन्हा वाच म्हटलं, मग तिसऱ्यांदा. तू लिहिलं आहेस: "मेंढ्या तुझ्याकडेच राहू देत. नोगा कुठे आहे?"

सहा-सात शब्द. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं, मी त्याची तयारी करून ठेवली होती.

त्याआधी एक सांगायचं आहे. मागच्या पत्रात मी लपवलं. मला वाटलं होतं एकदा कबूल केलं की सगळं आलं, पण माझी जीभ जुन्या वाटेनंच जाते. मरायानं मेंढ्याचं विचारलं हे खरं. पण त्याआधी त्यानं भावाचं विचारलं होतं. म्हणाला, "भाऊ मिसरात, चोवीस वर्षं, बायको नाही, मूल नाही. धनी आणि त्याचा वारस दोघंही नसतील तर भरपाई याजकाला देता येते, तसा नियम आहे. जिवंत आहे का तो?" आणि मी म्हटलं, "गेलाच असेल हो." काफिल्याचा माणूस आदल्याच दिवशी सांगून गेला होता की त्यानं पत्र कमरेला खोचलं.

एका शब्दात मी तुला मारलं. एक मेंढी मरायाला देऊन, एक मेंढा कापून मी मोकळी झाले असते. मरायानं आशीर्वादाला हातही वर केला. मग त्यानं ते नेहमीचं विचारलं, "तुझ्याच कळपातलं ना?" आणि माझी बोबडी वळली. बहिणीच्या मायेनं तू वाचला नाहीस. मेंढ्यानं वाचवलं. आता हे झालं सांगून. हट्टूश, पुढे.

नोगा इथेच आहे. तकोव्यातच, माझ्यापासून चौथं घर.

बेरीनं त्याच वर्षी तिला बेथसूरच्या एका म्हाताऱ्याला दिली. त्याच्याकडे दोन गाढवं होती. सात वर्षांत म्हातारा गेला, मूलबाळ नव्हतं, दिरांनी तिला परत धाडली. बेरी मेल्यावर ती एकटीच. सूत कातते. माझीच लोकर कातते. दर कातरणीला मी तिला सगळ्यांपेक्षा जास्त लोकर द्यायचे, वर धान्याची एक पेंढी, कधी चीज. गाव म्हणायचं सल्लुआचं मन मोठं आहे. मलाही वाटायचं. आता कळलं की तुझी लोकर मी तुझ्या नवरीला भीक म्हणून घालत होते.

तुझं खापर पदरात घेऊन मी तिच्या दारात गेले. ती उंबऱ्यावर चाती फिरवत बसली होती. म्हणाली, "या सल्लुआबाई, एवढी धाप का लागली?"

सांगितलं सगळं. उभ्यानं सांगितलं. ओघळ, दूध, बेरी, शपथ, ओढणी. तिची चाती थांबली नाही. हातातला पेळू संपेपर्यंत ती कातत होती. मग धागा गुंडाळून तिनं चाती बाजूला ठेवली.

"सतरा वर्षं माझ्याशी बोलताय," ती म्हणाली. "रोज."

"हो."

"विहिरीवर, सणाला, माझ्या नवऱ्याच्या सुतकात."

"हो गं."

"आणि ओढणी कुठली होती? ती निळी काठाची? तुम्ही मला लग्नात देणार होता ती?"

मी विसरले होते, एलासा. ती विसरली नव्हती.

मग ती म्हणाली, "आमच्या दारातही बाबा त्याला चोर म्हणाले तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. बाबांच्या बाजूनं. मला वाटलं, लपवलीच असेल, त्याच्या जिवावर आलं असेल. एवढासा विश्वास धरता आला नाही मला. ते लिहा त्याला. तुम्ही मेंढी चोरलीत, मी मान हलवली. याला काय मेंढा लागतो ते विचारा तुमच्या याजकाला."

मी म्हटलं, "तू माझ्यावर ओरड तरी."

"ओरडते की. आज लोकर भिजत घातली आहे, उद्या येते ओरडायला."

आणि खरंच आली. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या अंगणात उभी राहून ती असं काही बोलली की अत्तारा मुलांना घेऊन आत गेली आणि शेजारणी भिंतीवर चढल्या. चोर म्हणाली, ढोंगी म्हणाली, माझ्या चीजला सुद्धा नावं ठेवली. मी ऐकून घेतलं. शेवटी ती दमली, मी पाणी दिलं, ती ते प्यायली नाही, हातपाय धुऊन गेली.

तिनं तुझ्याबद्दल पुढे काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, माझी छाती झाली नाही. ती बारीक झाली आहे. केस पिकले. आवाज तसाच आहे.

मेंढ्या मात्र मी ठेवणार नाही. आता तर गावातली पोरंही म्हणतात, "एलासामामाच्या मेंढ्या आल्या, बाजूला व्हा." हट्टूशची कृपा. तू त्या घ्यायलाच हव्यात. नाहीतर मी मरेपर्यंत त्या राखत बसेन, त्यांचं दूध माझ्या घशाखाली उतरत नाही.

*

तिश्री महिना, मांडवांचा सण संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तकोवा.

एलासा, तुझ्या बहिणीकडून.

तुझी पिशवी एलूल महिन्यात पोचली. मला वाटलं खजूर असतील. गाठ सोडली तर आत गेरू, तुमच्या बेटावरचा, आपल्याकडच्यापेक्षा गडद. आणि खापरावर तुझा निरोप. तो मला आता पाठ आहे, तरी परत लिहवून घेते, म्हणजे मी नीट समजले की नाही ते तुला कळेल.

"माझ्या मेंढ्यांना माझी खूण लाव. एक मेंढा बिनगेरूचा सोड, तो तुझा. बाबांच्या मुलीनं वेदीपुढे रिकाम्या हातानं उभं राहू नये, म्हणून देतो. अंजिराचं झाड नोगाला दे. तिचं देणं मला देऊन फिटत नाही."

क्षमा केली असं तू लिहिलं नाहीस. मी खापर उलटंसुद्धा करून पाहिलं.

झाड नोगाला दिलं. वेशीवर दहा म्हाताऱ्यांसमोर दिलं. ती म्हणाली, "पलीकडची फांदी सुकली आहे, ती छाटून द्या आधी." छाटून दिली.

मग गेरू कालवला. मी एकटीच लावणार होते. पहाटे मेंढवाड्यात गेले तर नोगा मेंढ्यांच्या मध्ये उभी, बाह्या वर केलेल्या. एकेक जनावर ती गुडघ्यांत धरायची आणि मी पाठीवर हात उमटवायचे. चोवीस वर्षांपूर्वी धुतलेला रंग परत लावत होते. आम्ही दोघी फारसं बोललो नाही. ती फक्त एवढंच म्हणायची, "हिला राहिलं," "याला डावीकडे लावा." दुपारपर्यंत सगळा कळप लाल झाला. मध्ये एकच पांढरा उभा होता, तोच, देखणा.

तुझी राखणदार म्हणून मी यापुढे तुझा कळप राखेन. वर्षाची मजुरी म्हणून दूध घेईन, जेवढं कुणीही परकी गुराखीण घेते तेवढंच. तू येशील तेव्हा मोजून घे. येणार नसशील तर तसं लिही, पण लिही. तुझ्या सहा-सात शब्दांची मला सवय झाली आहे.

सणाला मेंढा घेऊन गेले. मरायानं ओळखलं मला. पुन्हा दात पाहिले, खूर पाहिले, आणि मग माझ्याकडे बघत जरा सावकाश विचारलं, "बाई, तुझाच ना?"

मी म्हटलं, "हो. माझ्या भावानं दिला."

"म्हणजे तो..."

"जिवंत आहे. मागे मी खोटं बोलले होते. तेही यातच धरा."

त्यानं दोरी घेतली. मी हात मागे घेतले तर तळव्यांना अजून लाल होतं, धुतलं तरी गेलेलं नव्हतं, आणि या वेळी मी कुणाला डाळिंबं सांगितली नाहीत. धूर वर गेला. मला वाटलं होतं आता आत काहीतरी निवेल. तसं काही झालं नाही. परतीच्या वाटेवर पाय नेहमीसारखेच दुखले, फक्त मी वाटेत कुठेही बसले नाही.

गावात शिरताना नोगा अंजिराखाली उभी होती. आता ते तिचं झाड. तिनं दुरून विचारलं, "घेतला?"

"घेतला."

तिनं मान हलवली. मग ओच्यातली चार अंजिरं माझ्या लाल हातांवर ठेवली आणि म्हणाली, "खा, वन्सं. सकाळपासून उपाशी असाल."

चोवीस वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा ती मला महिनाभर वन्सं म्हणत होती. नंतर सल्लुआबाई. मला ते अंजीर काही चावता येईना, दात नाहीत म्हणून नव्हे.

एलासा, ती काय म्हणाली ते मी तुझ्यासाठी लिहिते आहे, माझ्यासाठी नाही. हट्टूश रडतो आहे, त्याची शाई पसरते आहे, तेव्हा इथेच पुरे. कळप सुखरूप आहे. पाठी लाल आहेत. वाटेवरून कुणीही पाहिला तरी ओळखेल की तुझा आहे.